गाडी आवाज करून राहिली!

नागपुरात गाडी नुसती "आवाज करते" असं कोणी म्हणत नाही. ती "आवाज करून राहिली" असते. पुण्या-मुंबईचे मित्र या "करून राहिली"ला हसतात. पण मला विचाराल तर मेकॅनिकच्या दृष्टीने हा फार नेमका प्रयोग आहे. आवाज आत्ता चालू आहे, अजून थांबलेला नाही, एवढी माहिती एका क्रियापदात येऊन जाते. घोडं पेंड खातं ते त्याच्या पुढे. मेकॅनिक विचारतो, "कसा आवाज?" आणि आपण म्हणतो, "काहीतरी अजीबच आहे भाऊ, तुम्हीच पाहा."

माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे एखाद्या क्लायंटने "चालत नाहीये" एवढंच लिहून बग पाठवला की सगळी टीम कपाळावर हात मारते. काय चालत नाही? कुठे? कधीपासून? त्याआधी काय केलं होतं? हीच टीम शनिवारी स्वतःची गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेली की "काहीतरी अजीब आहे" असा रिपोर्ट देऊन मोकळी होते :)

तर मंडळी, आजचा मुद्दा सरळ आहे. सकाळी गाडी सुरू करताना येणारा विचित्र आवाज ओळखणं हे निदानाचं काम आहे. त्या कामाला आपण ना धड शब्द देतो, ना वेळ देतो, ना पैसे. आणि मग बदललेल्या पार्टांचं बिल हातात पडलं की मेकॅनिकला शिव्या घालतो.

आधी शब्दांचं बघू. अमेरिकेच्या रेडिओवर 'कार टॉक' नावाचा एक कार्यक्रम होता. एमआयटीत शिकलेले दोन मेकॅनिक भाऊ तो चालवायचे. १९८७ पासून २०१२ पर्यंत तो देशभर ऐकला जायचा. लोक फोन करायचे आणि आपल्या गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे, कारण शब्द पुरायचे नाहीत. आपल्याला ती अडचण यायचं कारण नाही. आवाजांच्या शब्दांत मराठी इतकी श्रीमंत आहे की ज्याचं नाव ते. खडखड वेगळी, खरखर वेगळी, घरघर वेगळी, टिकटिक आणि ठकठक तर फारच वेगळ्या. गंमत म्हणजे गाडीचे बरेचसे बिघाड याच शब्दांनी वेगळे करता येतात.

आता हेच बघा ना. चावी फिरवली, "टकटकटकटक" असं भराभर वाजलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी धरलेली असते. सेल्फचा सोलेनॉइड पुढे सरकतो, सेल्फ करंट ओढायला लागला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड मागे येतो, व्होल्टेज पुन्हा वर चढतं, सोलेनॉइड पुन्हा पुढे. सेकंदाला कितीतरी वेळा. आमच्या भाषेत इन्फायनाइट लूप. याउलट एकच "टक्क" झालं, दिवे लख्ख आहेत आणि पुढे सगळं शांत, तर संशय बॅटरीवर नको, सेल्फवर हवा. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळाले असतील, सेल्फ अडकला असेल किंवा त्याची जाडी वायर ढिली असेल. मोटर मोकळी फिरल्यासारखी "घुर्रर्र" होते पण इंजिन हलतच नाही, म्हणजे सेल्फ फिरतोय पण त्याची पकड सुटली आहे. आणि दातावर दात घासल्यासारखं "खर्रर्र" झालं तर सेल्फचे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते झिजत चालले आहेत. हा आवाज अंगावर काढू नका. सेल्फपेक्षा ती रिंग बदलणं फार महागात जातं, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

गाडी सुरू झाली आणि पहिले काही सेकंद "चींऽऽ" करून किंचाळली, तर तो बेल्ट. सेल्फने बॅटरीतून जे ओढलं ते भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो आणि सैल, जुना किंवा ओला बेल्ट तिथे घसरतो. जुने मेकॅनिक बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारतात. आवाज क्षणभर गेला आणि परत आला, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला, तर बेल्टचा ताण कमी आहे. दहा पैशांचं पाणी, पण चाचणी पक्की. (हे घरी करून बघू नका. फिरत्या बेल्टजवळ ओढणी, बाही, बोट काहीही जाऊ देऊ नका.)

डब्यात साखळी घालून हलवल्यासारखी दोन-तीन सेकंद "खडखड", मग शांत. इथे टायमिंग चेनकडे बघायचं. बऱ्याच इंजिनांत चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलं की सकाळी दाब येईपर्यंत चेन सैल असते. ते खाली उतरू नये म्हणून पुष्कळ ऑइल फिल्टरांमध्ये एक छोटी रबरी झडप असते आणि स्वस्तातल्या फिल्टरमध्ये नेमकी तीच कच्ची निघू शकते. म्हणजे खडखड इंजिनात ऐकू येते, पण दोष फिल्टरचाही असू शकतो. शिलाई मशीनसारखी "टिकटिक" असेल तर टॅपेट, नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गास्केटला फट. थंड असताना फटीतून गॅस सुटतो, धातू तापून फुगला की फट बुजते आणि टिकटिक बंद. लाकडावर ठोकल्यासारखी पोकळ "ठकठक", जी गाडी तापल्यावर जाते, ती बऱ्याचदा झिजलेल्या पिस्टनची. पण खोल, जड, लोखंडी ठोके येत असतील, रेस दिल्यावर वाढत असतील, किंवा सोबत ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तिथे चर्चा नको. गाडी बंद करा आणि टो करून न्या.

काही आवाज बिघाडाचे नसतातच, हेही सांगायला हवं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद "ऊंऽऽ" येतं, तो पेट्रोलचा पंप दाब तयार करत असतो. थंडीत सुरू केल्यावर इंजिन मिनिटभर चढ्या आवाजात चालतं, तेही ठरवूनच. थंड डिझेल थोडं जास्त खडखडणारच, कारण थंड हवेत डिझेल पेटायला जरा उशीर होतो आणि मग साठलेलं सगळं एकदम भडकतं. गाडी निरोगी असताना तिचा आवाज कसा असतो हे माहीत नसेल, तर आजारी आवाज ओळखणार कसा? नागपूरकराला हे समजावून सांगायला नको खरं तर. कूलरचा पंप पाणी ओढतोय की कोरडाच फिरतोय, हे आपण मे महिन्यात झोपेतसुद्धा ओळखतो. म्हणजे कान आहेत. ते गाडीकडे लावलेले नाहीत एवढंच.

आता वेळ. सॉफ्टवेअरमधला बग शंभर वेळा पुन्हा घडवून बघता येतो, फुकटात. थंड इंजिनाचा आवाज मात्र दिवसातून एकदाच मिळतो. गाडी रात्रभर, निदान सात-आठ तास उभी राहिली, तर सकाळच्या पहिल्या सेल्फला. आणि आपण काय करतो? तीच गाडी चालवत गॅरेजला नेतो. त्रिमूर्तीनगरहून सीताबर्डीपर्यंत पोचेतो इंजिन छान तापलेलं असतं, ऑइल सगळीकडे फिरलेलं असतं, बेल्ट कोरडा झालेला असतो. मेकॅनिक सेल्फ मारतो, गाडी शहाण्या मुलासारखी सुरू होते. "साहेब, काहीच नाही आहे." आमच्याकडे "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणारा प्रोग्रामर जेवढा बरोबर असतो, तेवढाच हा मेकॅनिकही बरोबर असतो. त्याने गुन्हा घडताना पाहिलाच नाही. साक्षीदार तुम्ही एकटेच, आणि साक्षीत म्हणता "अजीब".

म्हणून दोन गोष्टी. एक, सुरू करतानाच्या आवाजाची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकच्याच हातून होऊ द्या. एका रात्रीची गैरसोय आहे, पण एक चुकीचा पार्ट वाचतो. दोन, साक्ष नीट द्या. आवाज चावी फिरवताना येतो, की इंजिन पेटल्यावर? किती सेकंद? रेस दिल्यावर वाढतो, कमी होतो की तेवढाच राहतो? एसी लावल्यावर, स्टिअरिंग वळवल्यावर, क्लच दाबल्यावर बदलतो का? क्लच दाबल्यावर जाणारी घरघर गिअरबॉक्सच्या बेअरिंगची असू शकते, इंजिनाचा त्यात काही संबंध नसतो. ऑइल शेवटचं कधी बदललं? मोबाइलवर चित्रण जरूर करा, पण चालू कॉलवर आवाज ऐकवू नका. बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून कॉलमध्ये मागचा सलग आवाज गाळून टाकतात, म्हणजे नेमका तुमचा पुरावाच. साधा व्हिडिओ घ्या. बोनेटजवळ, ड्रायव्हरच्या सीटवर, सायलेन्सरपाशी, असे वेगवेगळे.

या सगळ्यात आपल्या गावाची हवा आगीत तेल ओतते. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ डिग्रीला गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत उतरला. एकाच गावात, एकाच गाडीला, चव्वेचाळीस डिग्रींचा फरक. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. खरं म्हणजे ती मरते उन्हाळ्यात. उष्णतेने तिच्यातलं पाणी कमी होतं, आतल्या शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. फक्त उन्हाळ्यात ते कळत नाही, कारण गरम इंजिन फिरवायला फार ताकद लागत नाही. डिसेंबरात ऑइल दाट होतं, इंजिन जड होतं, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकदही थंडीने उतरते. मग पहाटे "टकटकटक". गुन्हा मे महिन्यात झालेला, प्रेत डिसेंबरात सापडतं. म्हणून आपल्याकडे बॅटरी तपासायची वेळ दिवाळीच्या आसपासची. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर थंडीआधीच सोय बघा. हे मोजायचा मल्टिमीटर एका पिझ्झ्याच्या पैशात येतो.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "आता कान कशाला, स्कॅनर लावा की!" लावाच. भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ आहे आणि मीही त्याचा एक छोटा डोंगल बाळगून असतो. पण स्कॅनर सांगतो ते फक्त सेन्सरांनी पाहिलेलं. बेल्टला सेन्सर नाही, मॅनिफोल्डच्या फटीला नाही, सेल्फच्या झिजलेल्या दात्यांना नाही. इंजिनाला एक कान असतो, नॉक सेन्सर. पण तो ऐकतो फक्त सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकल्याचा ठोका, तोसुद्धा ठरावीक क्षणी आणि ठरावीक पट्टीत. बाकी खडखडीला तो ठार बहिरा. शिवाय सेन्सर बोलला म्हणजे ते खरंच असतं असंही नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ डिग्री तापमान दाखवलं होतं आणि बातमी देशभर गेली. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडलेला होता. ते खोटं आहे हे कशावरून कळलं? शहरातल्या बाकीच्या केंद्रांशी ताडून पाहिलं म्हणून. निदान म्हणजे हेच. एका आकड्यावर विश्वास न ठेवता दुसऱ्या मार्गाने ताडून बघणं. मेकॅनिक लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, तेव्हा तो हेच करत असतो. १८१६ साली फ्रान्समध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी पेशंटच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. त्या डॉक्टरला इतिहासात जागा मिळाली. पेचकसवाल्याला आपण पन्नास रुपये द्यायलाही कां कू करतो.

आणि इथे मी मुद्द्यावर येतो. पैसे.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांची गाडी सकाळी कधी "टक्क" करून गप्प बसायची, कधी सुरू व्हायची. एका मोठ्या वर्कशॉपने बघून सांगितलं, सेल्फ बदला. आकडा पाच अंकी. काकांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनाच्या धातूला लावली आणि मुलाला म्हणाला, "मार सेल्फ." तिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा, दिसले दोन. म्हणजे सेल्फ ठणठणीत होता, अर्थिंगचा पट्टा गंजला होता. पट्टा काढला, घासला, आवळला. गाडी सुरू. त्याने तीनशे रुपये मागितले. काका म्हणाले, "नुसता नट तर टाइट केला ना भाऊ, तीनशे काहून?" शंभरावर तोडलं.

काका वाईट नाहीत, आपण सगळेच काका आहोत. डॉक्टरने तपासून "काही झालेलं नाही, घरी जा" म्हटलं तरी आपण फी मुकाट्याने देतो, उलट आनंदाने देतो. मेकॅनिकने "काही बदलायला नको" म्हटलं की आपल्या मते त्याने काही केलंच नाही. मग त्याने कमवायचं कशातून? पार्टातून. वर्कशॉपमध्येही तेच. तिथे कामांची यादी असते, प्रत्येक कामाचा दर असतो. "सेल्फ बदलणे" यादीत असतं, "अर्धा तास शांतपणे ऐकणे" सहसा नसतं. ज्याचा दर नाही ते काम हळूहळू कोणी करत नाही. आपण ऐकण्याचे पैसे देत नाही, म्हणून बदलण्याचे देतो. हा व्यवहार आपणच लावून दिलेला आहे. नुकसान दोघांचं आहे. आपल्या खिशाचं तर आहेच, पण ज्याचा कान तयार आहे त्या माणसाचं जास्त. आयटीआयमधला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा कोर्स दोन वर्षांचा. त्यात इंजिन कळतं. कान तयार व्हायला त्यानंतर गॅरेजमध्ये कित्येक वर्षं घासावी लागतात. त्या वर्षांची किंमत शून्य आहे असं पाहिलेलं पोर कान तयार करणार नाही, ते पार्ट विकायला शिकेल. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

याला दुसरी बाजू आहे, ती मांडायला हवी. सगळेच पेचकसवाले कलाकार नसतात. "आवाजावरून सांगतो" म्हणत धडधडीत अंदाज मारणारेही भरपूर आहेत आणि गाडी वॉरंटीत असेल तर तिला कोपऱ्यावर उघडू देणं शहाणपणाचं नाही. म्हणून पैसे ऐकण्याचे द्या, पण हिशोब मागा. काय संशय आला? तो कशाने तपासला? दुसरं काय असू शकलं असतं आणि ते का नाही? ज्याने खरंच निदान केलंय त्याला ही तीन उत्तरं देता येतात, पुस्तकी शब्दांत नसतील पण येतात. ज्याने अंदाज मारलाय तो म्हणतो, "बदलून पाहू." आमच्याकडेही असे प्रोग्रामर असतात. एकेक ओळ बदलून बघतात, लागली तर लागली. फरक एवढाच की त्यांच्या प्रत्येक प्रयोगाचं बिल कोणी काकांना पाठवत नाही.

"इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे सगळंच संपणार," असंही कोणी म्हणेल. चेन, टॅपेट, पिस्टन संपतील, मान्य. पण बेअरिंगं राहतील, गिअर राहतील, पाण्याचा पंप राहील, आणि इंजिनाचा गोंगाट नसल्यामुळे त्यांची बारीक कुरकुर आणखी ठळक ऐकू येईल. सध्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की ती महागडी गाडीही गुपचूप उभी राहते. ऐकणारा माणूस लागणारच आहे.

आणि हे नुसतं बिलापुरतंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा. ७०१ किलोमीटर. शहरात चाळीसच्या वेगाने धर्मपेठ ते सदर करताना जी ठकठक निभावून जाते, ती १२० च्या वेगाने सलग तीन तास निभावेलच असं नाही. आणि त्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी ही फक्त गैरसोय नसते. मागून ट्रक येत असतात. तेव्हा सहलीच्या सकाळी गाडीने काही वेगळं म्हटलं, तर रेडिओचा आवाज वाढवू नका. ज्याच्या कानावर तुमचा विश्वास आहे त्याला आदल्या दिवशी ऐकवा.

माझा स्वतःचा नियम मी सांगतो. गॅरेजमध्ये गेल्या गेल्या म्हणायचं, "भाऊ, बदलायचं नंतर बघू. आधी नुसतं पाहायचे किती घ्याल?" पहिल्यांदा समोरचा गोंधळतो, त्याला कोणी असं विचारलेलंच नसतं. मग एक आकडा सांगतो, बहुतेक वेळा फार कमी. त्यावर घासाघीस करायची नाही. एवढंच.

बघा पटतंय का. असो. भेटू पुढच्या शनिवारी.